कळा, काच आणि आपली अक्षरे

#धागा #इतिहास #तंत्रज्ञान

१/
३ डिसेंबर १९९२. इंग्लंडमधील नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या अभियंत्याने आपल्या संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या मोबाइलवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. जगातील पहिला एसएमएस तो हाच. जार्विस यांना तो मिळाला. उत्तर मात्र त्यांना देता आले नाही. त्यांच्या फोनवर संदेश लिहून पाठवण्याची सोयच नव्हती.

२/
हातात मावणाऱ्या यंत्रावर अक्षर लिहायचे कसे, हा प्रश्न पुढील दोन दशके मोबाइल उद्योगाला पुरून उरला. त्याचा इतिहास आपण सहसा एका वाक्यात ऐकतो: ब्लॅकबेरीकडे कळा होत्या, ॲपलने काच आणली, काच जिंकली.

हे खोटे नाही, पण फार अपुरे आहे. टचस्क्रीनवरचा कळफलक असलेला फोन आयफोनच्या १३ वर्षे आधी बाजारात आला होता आणि सपशेल पडला होता. मग तीच काच २००७ नंतर का जिंकली? आणि तिच्या विजयात मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला नेमके काय आले?

३/
प्रारंभ दूरध्वनीपासून करावा लागेल. १९५०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फिरत्या तबकडीच्या जागी कळा बसवण्याचे प्रयोग सुरू होते. अंक कोणत्या क्रमाने मांडावेत? वर्तुळात, दोन आडव्या रांगांत, की आणखी कसे? अनेक मांडण्या प्रत्यक्ष माणसांच्या हाती देऊन वेग आणि चुका मोजण्यात आल्या. आर. एल. डायनिंजर यांचा त्यावरील निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. अखेरीस तीन-तीनच्या तीन रांगा आणि तळाशी शून्य ही मांडणी ठरली. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातील ग्राहकांना असे दूरध्वनी मिळू लागले. तारा आणि चौकटीच्या चिन्हांच्या दोन कळा १९६८ मध्ये जोडल्या गेल्या.

आज आपल्या फोनवर दिसणारी अंकांची मांडणी तीच आहे.

४/
आणि अंकांखालची इंग्रजी अक्षरे? ती त्याहून जुनी. अमेरिकेत दूरध्वनी केंद्रांना नावे असत आणि क्रमांक फिरवताना त्या नावाची पहिली अक्षरे फिरवावी लागत. त्यासाठी तबकडीवर बहुतेक अंकांसोबत तीन-तीन अक्षरे छापली गेली. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांना जुन्या अमेरिकी तबकड्यांवर बहुधा जागाच नसे. केंद्रांच्या नावांत ती कोणाला हवी होती? थोडक्यात, या अक्षरांचा जन्म क्रमांक लक्षात ठेवण्यासाठी झाला होता. त्यांनी कोणी पत्र लिहील, ही कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती.

५/
एसएमएस आल्यावर हीच उसनी अक्षरे लेखनाच्या कामाला जुंपली गेली. एका कळेवर तीन किंवा चार अक्षरे, म्हणून हवे ते अक्षर येईपर्यंत कळ दाबत राहायची. ‘हॅलो’ हा पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द लिहायला १३ वेळा कळ दाबावी लागे. तरीही त्या काळातील मुलांनी हे कौशल्य असे काही आत्मसात केले की फोन खिशात असताना, वर्गात बाकाखाली धरलेला असताना, पडद्याकडे न पाहता पूर्ण संदेश लिहिले जात. हा मुद्दा ध्यानात ठेवावा; पुढे तो परत येणार आहे.

६/
या अडचणीवरचा खरा तोडगा यंत्राच्या बांधणीतून आला नाही, शब्दकोशातून आला. अमेरिकेतील सिॲटल येथील टेजिक कम्युनिकेशन्स या कंपनीची ‘टी-नाइन’ पद्धत. प्रत्येक अक्षरासाठी कळ एकदाच दाबायची. त्या कळांच्या क्रमाला जुळणारा शब्द फोन स्वतः आपल्या कोशातून शोधून काढणार. ‘हॅलो’ १३ ऐवजी ५ दाबांत. कधी गफलत होई: ४-६-६-३ या कळांना ‘गुड’ही जुळतो, ‘होम’ही आणि ‘गॉन’ही. तेव्हा पुढचा पर्याय निवडायचा.

७/
या पद्धतीचे मूळ फारसे कोणाला ठाऊक नसते. टेजिकचे संस्थापक मार्टिन किंग, डेल ग्रोव्हर आणि क्लिफ कुशलर हे त्याआधी दिव्यांगांच्या संवादसाधनांवर काम करत होते. ज्याला हात हलवता येत नाहीत त्याने केवळ डोळ्यांच्या हालचालीने शब्द कसा निवडावा? मोजक्या दिशांतून सव्वीस अक्षरांपर्यंत पोहोचण्याचे हे कोडे आणि मोजक्या कळांतून सव्वीस अक्षरांपर्यंत पोहोचण्याचे कोडे एकाच जातीचे आहे.

कुशलर हे नाव लक्षात ठेवा.

८/
दुसरा मार्ग सरळ होता: संपूर्ण टंकलेखन यंत्रच फोनमध्ये घालायचे. १९९६ मधील नोकिया ९००० कम्युनिकेटर हा उघडला की आत पूर्ण कळफलक असे. मांडणी अर्थातच क्वर्टी, म्हणजे क्रिस्टोफर शोल्स यांच्या १८७०च्या दशकातील टंकलेखन यंत्राची.

(येथे एक विषयांतर. टंकलेखकांचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी क्वर्टी बनवली, ही कथा समाजमाध्यमांवर दर आठवड्याला फिरते. क्योतो विद्यापीठातील कोइची आणि मोतोको यासुओका यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ती नाकारली आहे. त्यांच्या मते या मांडणीवर मोर्स संदेश उतरवून घेणाऱ्या तारयंत्रचालकांच्या गरजांचा प्रभाव होता. ही कथा पुढे पाठवण्याआधी निदान एवढे तरी वाचावे.)

९/
आता कॅनडातील वॉटर्लू. माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी १९९०च्या दशकात दुहेरी पेजर बनवत होती. लाझारिडिस यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. हातातले यंत्र दोन्ही हातांनी धरले की आठ बोटे मागे अडकतात आणि मोकळे राहतात फक्त दोन अंगठे. म्हणजे दहा बोटांसाठी आखलेला कळफलक आक्रसून उपयोग नाही. तो अंगठ्यांसाठी नव्याने आखला पाहिजे.

१०/
अंगठ्यांसाठीच्या या कळफलकाच्या पेटंटसाठी १९९८ मध्ये अर्ज झाला आणि २००१ मध्ये ते मंजूर झाले. कळा लंबगोल आणि तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे अंगठा ज्या कोनात येतो त्या कोनात. १९९९ मध्ये या कंपनीचे ‘ब्लॅकबेरी’ नावाचे पहिले यंत्र बाजारात आले. बारीक काळ्या कळा फळावरच्या दाण्यांसारख्या दिसतात, यावरून ते नाव सुचले असे सांगतात.

११/
११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मोबाइलवरून बोलणे जवळजवळ अशक्य झाले असताना ब्लॅकबेरीवरचे मजकूर मात्र जात-येत होते. त्यानंतर अमेरिकी संसदेच्या सदस्यांना ही यंत्रे देण्यात आली. वकील, बँकर, मंत्री यांच्या हाती ती दिसू लागली. २००६ मध्ये वेब्स्टर्स न्यू वर्ल्ड या शब्दकोशाने ‘क्रॅकबेरी’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. अर्थ, ब्लॅकबेरीचे व्यसन. अंगठे दुखण्यालाही ‘ब्लॅकबेरी थंब’ असे नाव पडले. मराठीत ‘कळ’ म्हणजे बटणही आणि वेदनाही. या प्रकरणी आपली भाषा काळाच्या पुढे होती म्हणायची.

(मुंबईवरील हल्ल्यानंतर भारत सरकार आणि ब्लॅकबेरी यांच्यात संदेशांच्या गुप्ततेवरून जो वाद पेटला, त्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.)

१२/
हे सारे सुरू असताना काच कुठे होती?

१६ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत ‘आयबीएम सायमन’ विक्रीस आला. वजन अर्धा किलोच्या आसपास. पुढच्या बाजूला एकही अंकाची कळ नाही. फक्त टचस्क्रीन, तिच्यावर उमटणारा क्वर्टी कळफलक आणि सोबत एक टोकदार लेखणी. ई-मेल, दिनदर्शिका, फॅक्स, सगळे त्यात. सुमारे सहा महिन्यांत जवळपास ५० हजार यंत्रे खपली आणि तो बंद झाला.

१३/
सायमनची विजेरी तासाभरात मान टाकत असे, हे खरे. पण त्याच्या लेखनाची अडचण वेगळीच होती. पडदा लहान, त्यावरच्या कळा आणखी लहान, आणि बोट मात्र माणसाचे. त्यात यंत्राचा विश्वास पूर्णपणे बोटाच्या नेमावर होता. बोट जिथे टेकले तेच अक्षर उमटणार. म्हणूनच लेखणी द्यावी लागली. पुढे १९९६ मध्ये पाम पायलटने तर कळफलकाला बाजूला सारून ‘ग्राफिटी’ ही एकरेघी अक्षरांची लिपी वापरणाऱ्यांना शिकायला लावली. यंत्राला माणसाचे हस्ताक्षर कळत नाही, तर माणसाने यंत्राचे शिकावे! आश्चर्य म्हणजे लाखो लोकांनी ते शिकूनही घेतले.

१४/
९ जानेवारी २००७, सॅन फ्रान्सिस्को. आयफोन दाखवण्याआधी स्टीव्ह जॉब्स यांनी पडद्यावर चार फोन आणले: मोटोरोला क्यू, ब्लॅकबेरी, पाम ट्रिओ आणि नोकिया ई-६२. त्यांचा आक्षेप कळांच्या आकारावर नव्हता. या कळा प्लास्टिकमध्ये कायमच्या बसवलेल्या आहेत, तुम्हाला हव्या असोत वा नसोत त्या तिथेच राहणार, आणि फोन विकून झाल्यावर नवी कल्पना सुचली तरी कळ बदलता येणार नाही, असा तो मुद्दा होता.

त्या दिवशी तो भव्य पडद्यासाठी केलेला युक्तिवाद वाटला. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत दूरगामी विधान तेच होते. फक्त त्याचा पूर्ण अर्थ इंग्रजी लिहिणाऱ्यांना कळण्याची शक्यता कमी होती.

१५/
पण आत ॲपलमध्ये काय चालले होते? केन कोसिएंडा या अभियंत्याने नंतर आपल्या पुस्तकात ती हकिकत लिहिली आहे. २००५ च्या शरद ऋतूत काचेवरचा कळफलक इतका निरुपयोगी ठरत होता की स्कॉट फोरस्टॉल यांनी चमूचे बाकी सारे काम थांबवले आणि प्रत्येकाला कळफलकाचे नमुने बनवायला बसवले. कोसिएंडा यांच्या नमुन्यात आधी मोठ्या कळा होत्या, एका कळेवर अनेक अक्षरे. हवा तो शब्द कोशाच्या आधारे यंत्राने ओळखायचा. तो पसंत पडला. पुढे एका कळेला एक अक्षर अशी नेहमीची क्वर्टी परत आली, पण कोश आतच राहिला.

१६/
येथे क्षणभर थांबू. एका कळेवर अनेक अक्षरे आणि यंत्राने कोशातून शब्द ओळखणे, हे आपण आधी कुठे पाहिले?

टी-नाइनमध्ये.

आयफोनच्या काचेखाली तोच विचार वेगळ्या रूपात होता. अंगठा टेकला की तो तीन-चार अक्षरे झाकतो. त्यातले कोणते हवे होते हे यंत्र शब्दावरून ठरवते. आधीची अक्षरे पाहून पुढे जे अक्षर येण्याचा संभव अधिक, त्याच्या स्पर्शाचे क्षेत्र न दिसता मोठे होते. चुकले तर शब्द आपोआप दुरुस्त होतो. सायमनची काच बोटाच्या नेमावर विसंबून होती, आयफोनची काच भाषेच्या ज्ञानावर. १९९४ आणि २००७ यांच्यातील फरक पडद्याच्या दर्जाचा होता, पण त्याहून अधिक तो या कोशाचा होता.

१७/
आणि क्लिफ कुशलर? टी-नाइननंतर त्यांनी रँडी मार्सडन यांच्यासह ‘स्वाइप’ हा कळफलक तयार केला. बोट न उचलता एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकवत न्यायचे आणि यंत्राने त्या रेघेच्या वळणावरून शब्द ओळखायचा. २००९ मध्ये तो फोनवर आला. (त्याच जातीचे संशोधन आयबीएममध्ये शुमिन झाई आणि पेर ओला क्रिस्टेन्सन यांनी आधी केले होते.) बारा कळांचा युगप्रवर्तक आणि काचेवरील सरकत्या लेखनाचा एक प्रवर्तक, ही एकच व्यक्ती. ‘कळा विरुद्ध काच’ अशी सरळ फाळणी करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

१८/
२००७ मध्ये हे फार थोड्यांना दिसले. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी आयफोनची किंमत ऐकून हसून घेतले आणि कळफलक नसल्यामुळे तो व्यावसायिकांना रुचणार नाही असे सांगितले. आज ती चित्रफीत थट्टेने दाखवली जाते. पण त्या क्षणी त्यांचे म्हणणे अजिबात वेडगळ नव्हते. गूगलनेही तेच मानले होते. २००८ मधील पहिल्या अँड्रॉइड फोनला पडद्याखालून सरकून बाहेर येणारा खराखुरा कळफलक होता आणि अँड्रॉइडवर पडद्यावरचा कळफलक आला तो एप्रिल २००९ मध्ये.

१९/
ब्लॅकबेरीने काय केले? हट्टाने कळा धरून बसली, हा समज चुकीचा. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने ‘स्टॉर्म’ हा पूर्ण टचस्क्रीनचा फोन आणला. मात्र बोटाला ‘दाबल्याची’ जाणीव हवीच, या आग्रहापोटी संपूर्ण पडदाच एक कळ बनवला. अक्षरावर बोट ठेवून काच खाली दाबायची, टक् आवाज येई, मग काच वर उचलली जाई आणि तेव्हा पुढचे अक्षर. दोन अंगठ्यांची ती जुनी लय तिथेच मोडली. असंख्य फोन परत आले.

कळेची ऊब आणि काचेची मोकळीक दोन्ही एकत्र आणायला निघालेल्या या यंत्रात दोन्हींचे दोष तेवढे एकत्र आले.

२०/
पुढचे थोडक्यात. २०१२ मध्ये ब्लॅकबेरीचे सुमारे ८ कोटी ग्राहक होते. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. काही वर्षे टीसीएल या चिनी कंपनीने त्या नावाने कळांचे फोन बनवले. ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरींच्या सेवा बंद झाल्या.

२१/
मग काचेने हिरावून काय नेले? वेग फारसा नाही. २०१९ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील आणि अन्य संशोधकांनी ३७ हजारांहून अधिक लोकांचे मोबाइलवरील टंकलेखन मोजले. सरासरी मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास आली. संगणकाच्या पूर्ण कळफलकाच्या तुलनेत हा वेग केवळ सुमारे एक चतुर्थांशाने कमी होता.

गेले ते न पाहता लिहिणे. जुन्या फोनवर ‘५’ या कळेवर एक बारीक उंचवटा असे. अंगठा तिथे टेकला की बाकी साऱ्या कळांचा पत्ता लागे. काचेवर ‘५’ कुठे आहे हे डोळ्यांनाच विचारावे लागते.

२२/
अंध व्यक्तींसाठी तो उंचवटा चैनीची वस्तू नव्हती. कळांचे नोकिया फोन आणि त्यात बसवलेले पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर यांवर अनेकांचा व्यवहार उभा होता. सपाट काच आली तेव्हा दार बंद झाल्यासारखेच वाटले. २००९ मध्ये आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आले: बोट फिरवा, खालचे अक्षर ऐका, मग निवडा. २०१४ मध्ये त्याच काचेवर ब्रेल लेखनाची सोय झाली. सहा बोटे टेकवायची. बोटे जिथे पडतील तिथे सहा ठिपके मानायचे. कळ शोधावी लागत नाही, बोटच कळ ठरवते. प्लास्टिकच्या कोणत्याही कळफलकाला हे साधले नसते.

२३/
आता आपल्या अक्षरांकडे येऊ.

देवनागरीचे आणि कळेचे भांडण मोबाइलहून जुने आहे. टंकलेखन यंत्रावर नव्वदच्या आसपास चिन्हे मावत. स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि अंक यांना तेवढी जागा पुरणार कशी? मुद्रण आणि टंकलेखनाच्या सोयीसाठी अक्षरेच बदलण्याच्या सूचना पुढे आल्या. ‘इ’, ‘ई’, ‘उ’ ऐवजी ‘अि’, ‘अी’, ‘अु’ लिहावे, हा ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार काकासाहेब कालेलकर आणि वि. दा. सावरकर या एरवी फारसे एकमत नसलेल्या दोघांनीही केला. कळ बदलता येत नाही, तर लिपी बदला.

२४/
संगणकावर हे कोडे बरेच सुटले. १९८०च्या दशकात भारतात ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी ठरली: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, जोडाक्षर हलन्ताने जोडायचे. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले. पण ती मांडणी पूर्ण कळफलकाची. मोबाइलकडे होत्या बारा कळा.

२५/
एका कळेवर ‘क’पासून ‘ङ’पर्यंतचा अख्खा वर्ग बसवला, तर ‘घ’ लिहायला चार दाब. त्यावर काना, मात्रा, वेलांटी. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त. काही फोनच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेलीही असत, आणि ती वाचायला भिंग लागावे इतकी बारीक असत.

आणि दामदुप्पट शिक्षा वेगळीच. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीची १६० अक्षरे त्यात बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हासाठी १६ बिट लागत असल्याने ७०च. ‘क्षत्रिय’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसणारा शब्द त्यातली ८ स्थाने खातो.

२६/
परिणाम माझ्या पिढीला पाठ आहे. आम्ही मराठी रोमन लिपीत लिहू लागलो. मोडी मागे पडल्यावर मराठीच्या दैनंदिन हस्तलेखनात एवढी मोठी उलथापालथ झाली नव्हती, असे मी म्हणेन. फरक इतकाच की या वेळी तिची नोंद कोणी घेतली नाही. ‘के-ए-एल’ अशी तीन अक्षरे आली की ते काल, काळ, कळ की कल, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ एकाच अक्षरात विरघळले. वडिलांनी मला आयुष्यात पाठवलेला पहिला एसएमएस असा रोमनमध्येच होता. पोस्टकार्डावर मोत्यासारखे अक्षर काढणारा माणूस. त्या संदेशातली मराठी मला दोनदा वाचावी लागली.

२७/
टचस्क्रीन आल्यावर हे लगेच पालटले असेही नाही. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. काच मोकळी होती, पण तिच्यामागच्या यंत्राला मराठी येत नव्हती. आणि काचेचा सारा जोर कोशावर असतो, हे आपण वर पाहिलेच. इंग्रजीत ‘हाउस’ची रूपे दोन-तीन. मराठीत घर, घरे, घराला, घराच्या, घरात, घरातल्या, घरांमध्ये, घरापाशी, घरासुद्धा… सामान्यरूप होऊन प्रत्यय लागत जातात आणि एका शब्दाची वंशावळ पानभर होते. केवळ शब्दांची यादी पुरवून अशा भाषेचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून इंग्रजीत जे २००७ मध्ये जमले, ते मराठीत यायला बराच काळ जावा लागला.

२८/
या सगळ्यात मला सर्वाधिक भावलेले उत्तर मुंबईत तयार झाले. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा टचस्क्रीनसाठीचा कळफलक बनवला. २०१३ च्या सुमारास तो अँड्रॉइडवर विनामूल्य मिळू लागला.

त्यात अक्षरे शाळेतल्या तक्त्यासारखी आहेत: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. ‘क’वर बोट ठेवले की त्याभोवती एक चक्र उमलते आणि त्यात का, कि, की, कु, कू, के… अशी बाराखडी दिसते. बोट हव्या त्या दिशेला सरकवून उचलायचे. हलन्त निवडला तर त्याहून मौजेचे घडते: पडद्यावरील बाकीची व्यंजनेच जोडाक्षरांची रूपे घेतात. ‘त’च्या जागी ‘क्त’, ‘र’च्या जागी ‘क्र’, ‘ष’च्या जागी ‘क्ष’. जोडाक्षर कसे फोडायचे हे न शिकलेल्यालाही ते डोळ्यांनी पाहून निवडता येते.

२९/
जॉब्स यांच्या त्या जानेवारीतील विधानाकडे आता पुन्हा पाहा. कळ बदलता आली पाहिजे. इंग्रजीसाठी काचेवरही तीच १८७०च्या दशकातील क्वर्टी उमटली. तिथे बदलण्यासारखे फार नव्हते. बदलत्या कळेची खरी गरज होती ती ज्या लिपीत एक व्यंजन बारा रूपे घेते, तिला.

३०/
इतके होऊनही आज अनेकजण मराठी लिहितात ते रोमन अक्षरे दाबूनच. गूगलचा कळफलक त्यांचे देवनागरीत रूपांतर करून देतो. सवय. काही जण थेट बोलून लिहितात आणि कळफलकाचा प्रश्नच मिटवून टाकतात. दुसरीकडे कळाही संपलेल्या नाहीत. २०१७ मधील जिओफोन हा कळांचाच होता आणि तो भारतात प्रचंड खपला. २०२४ च्या जानेवारीत तर आयफोनला खालून जोडायचा ‘क्लिक्स’ नावाचा खराखुरा कळफलक जाहीर झाला. त्यामागच्या मंडळींत ब्लॅकबेरीचे जुने चाहते आहेत.

३१/
शेवटी एक विनंती. देवनागरी कळांच्या फोनवर कोणत्या अंकाखाली कोणती अक्षरे, हे कंपनीगणिक बदलत असे, आणि ते फोन आता भंगारात चालले आहेत. घरात आजोबांच्या कपाटात, एखाद्या डब्यात, चार्जरांच्या गुंत्यात असा फोन सापडला तर त्याच्या कळांचे जवळून छायाचित्र काढा आणि मॉडेलच्या नावासह या धाग्याखाली जोडा. विजेरी फुगलेली असेल तर आधी ती काढून ठेवा.